मोटर किती एचपीची, हे नंतर बघ

५० किलोचं पोतं माळ्यावर चढवायला तू दोन एचपीची मोटर शोधतोयस. थांब, आधी ते किती वेगाने वर न्यायचंय ते ठरव. सावकाश ने की भरभर, वेग एकसारखा असेल तर दोरीवरचा ताण तेवढाच राहतो, सुमारे ४९० न्यूटन. वेगाबरोबर वाढते ती शक्ती: ताण गुणिले वेग. सेकंदाला १ मीटर हवं तर ४९० वॅट, ०.३ मीटर चालत असेल तर जेमतेम १४७. त्यातली गिअरमध्ये निम्मी वाया गेली असं धरलं तरी अर्ध्या एचपीची, म्हणजे ३७३ वॅटची मोटर पुरते.

खरी गोम गिअरबॉक्समध्ये आहे. १४४० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १४४० फेरे घेणाऱ्या मोटरला दोरी गुंडाळायचा १५ सेंमी व्यासाचा ड्रम थेट लावलास तर दोरी सेकंदाला ११ मीटर धावेल! चाळीसास एक असा गिअर घे, म्हणजे मोटरच्या चाळीस फेऱ्यांना ड्रमचा एक.

आणि झटका सांभाळ. थांबलेलं पोतं ०.२ सेकंदात १ मीटरच्या वेगाला आणलंस तर तेवढ्यापुरता ताण दीडपट होतो. माझी दोरी अशीच तुटली होती, नशीब खाली कोणी नव्हतं. ब्रेकवालीच मोटर घे, आणि पोत्याखाली कुणालाही उभं राहू देऊ नकोस.