‘जे-20’मधला ‘जे’ म्हणजे जेट नव्हे

एका वाचकाचा प्रश्न आहे: चिनी लढाऊ विमानांची नावे जे-10, जे-20, जे-35 अशी असतात, त्यातला ‘जे’ जेटचाच ना? कुठे ‘जियान-20’ असेही लिहिलेले दिसते, मग बरोबर कोणते? शिवाय ‘चीनच्या नव्या विमानाची चाचणी यशस्वी’ या मथळ्यातला ‘चाचणी’ शब्द त्यांना खटकतो.

आधी ‘जे’. तो जेटचा असता तर चिनी बॉम्बरनाही लागला असता, कारण एच-6 हेही जेट विमानच आहे. चिनी भाषेत लढाऊ विमानाला तीन अक्षरांचा एक शब्द आहे आणि त्याचे पहिले अक्षर ‘संहार करणे’ या अर्थाचे आहे. पुढच्या दोन अक्षरांचे अर्थ ‘प्रहार’ आणि ‘यंत्र’. पहिल्या अक्षराचे रोमन लेखन जे, आय, ए, एन असे होते, त्यातला पहिला ‘जे’ विमानाच्या नावात राहिला. हे अक्षर दोन भागांचे बनले आहे: डावीकडचा भाग मृत्यूशी संबंधित अक्षरांत येतो, उजवीकडचा म्हणजे ‘हजार’ हे अक्षर, आणि ते उच्चारापुरते घेतले आहे. आपला ‘लढाऊ’ शब्द टिकाऊ, विकाऊ यांच्या पंक्तीतला, त्यामानाने सौम्य. चिनी शब्द थेट संहारावर जातो. रशियन भाषेतही लढाऊ विमानाला ‘संहार करणारा’ अशाच अर्थाचा शब्द आहे, आणि चिनी हवाई दल सोविएत विमानांवर वाढले हे लक्षात घेतले तर या साम्याचे नवल वाटत नाही.

बॉम्बरचा एच, मालवाहू विमानाचा वाय, हेलिकॉप्टरचा झेड ही सगळी अशीच चिनी शब्दांची आद्याक्षरे आहेत. एक अपवाद मात्र आवर्जून सांगतो, कारण आपल्या बातम्यांत तो वारंवार येतो. पाकिस्तानच्या जेएफ-17 मधला ‘जे’ इंग्रजी आहे. चीन आणि पाकिस्तान या दोन देशांनी मिळून केलेले विमान म्हणून ‘जॉइंट फायटर’. ते विमान पहिल्यांदा 2003 मध्ये चीनमधल्या चेंगदूलाच उडाले, तरी त्याचा जे आणि पाकिस्तानकडच्याच जे-10सीचा जे यांचे काही नाते नाही.

आता उच्चार. माझा जीव खरा इथे अडकतो. ‘जियान’ हे चिनी शब्दाचे लेखन नाही, त्याच्या रोमन लेखनाचे मराठी वाचन आहे. तोंडापुढे तळहात धरून आधी ‘चिवडा’ म्हणा, मग ‘छिन्नी’ म्हणा. दुसऱ्या वेळी हाताला हवेचा झोत लागतो. प्रमाण चिनी भाषेत हा फरक अर्थ बदलतो. आपल्या ‘ज’मध्ये गळ्यात जो कंप असतो, तो मात्र तिथे नाही. म्हणजे आपल्या च, छ, ज, झ पैकी त्यांना पहिली दोनच लागतात, आणि प, फ किंवा त, थ यांचीही तीच गोष्ट. रोमन लिपीत छ आणि थ साठी स्वतंत्र अक्षरे नाहीत. म्हणून चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याच्या, 1958 मध्ये मान्य झालेल्या पिनयिन पद्धतीने ‘ज’, ‘द’, ‘ब’ची रोमन अक्षरे च, त, प साठी वापरली आणि ‘त’, ‘प’ची अक्षरे थ, फ साठी ठेवली. चिनी लोकांना ते सोयीचे पडले. फसतो तो बाहेरून वाचणारा.

तेव्हा ‘संहार’वाले ते अक्षर मराठीत जवळात जवळ लिहायचे तर ‘च्येन’. जे-20 बनवणाऱ्या कारखान्याचे शहर चेंगदू, त्याचा उच्चार ‘छंगतू’च्या जवळचा. दुसरा मोठा कारखाना शन्यांगला आहे, आणि त्या शहराच्या नावातला पहिला वर्ण चक्क आपला मूर्धन्य ष आहे. आपण बोलताना श आणि ष एकच करून टाकले, चिनी लोक ते आजही वेगळे ठेवतात: शी जिनपिंग यांच्या आडनावात श आहे, शन्यांगमध्ये ष. जुन्या मराठी वर्तमानपत्रांतले ‘माओ त्से तुंग’ हे लेखन, त्यात गळ्यातला तो कंप नसल्यामुळे, आजच्या ‘झेडाँग’पेक्षा मूळ उच्चाराला कितीतरी जवळ आहे. त्यातला ‘त्स’ म्हणजे ‘चाक’मधला दंत्य च. देवनागरीत हे सगळे लिहिता येत असताना आपण इंग्रजीचा वळसा घेतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तरी ‘च्येन-20’ लिहा असे मी म्हणणार नाही. रोमन अक्षराचे मराठी नाव ‘जे’, म्हणून विमानाचे नाव जे-20. ते रुळले आहे, नेमकेही आहे. अर्थ किंवा उच्चार समजावताना ‘च्येन’ लिहावे. ‘जियान-20’ मात्र टाळावे. चेंगदूही रुळला आहे, तो राहू द्या, फक्त ‘चेंगडू’ नको. तो ड इंग्रजीतून आला आहे.

नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्याजवळ राहणाऱ्यांना एक गोष्ट आवडेल. तिथे वर्षानुवर्षे बनलेले मिग-21 आणि चीनचे जे-7 हे मुळात एकच सोविएत विमान. आपण रशियन नाव ठेवले, चीनने त्याला आपल्या ‘संहार’ मालिकेत सातवा क्रमांक दिला.

आता ‘चाचणी यशस्वी’. माझ्या मते हा शब्दप्रयोग क्षेपणास्त्रांच्या बातम्यांतून विमानाकडे आला. अग्नी सुटले, ठरल्या जागी पडले, चाचणी झाली. क्षेपणास्त्र परत येत नाही, म्हणून तिथे एकवचन शोभते. विमान परत येते आणि पुन्हा उडते. चिनी भाषेत इथे दोन वेगळे शब्द आहेत: पहिल्या उड्डाणाला ‘षोउफेइ’ आणि चाचणीच्या उड्डाणाला ‘षफेइ’. जे-20 चे पहिले उड्डाण 11 जानेवारी 2011 रोजी चेंगदूला झाले. अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स त्या दिवशी बीजिंगमध्ये होते. 2001 क्रमांकाचे ते गडद विमान सुमारे वीस मिनिटे हवेत होते, चाके शेवटपर्यंत खालीच ठेवलेली, बरोबर लक्ष ठेवायला दोन आसनी जे-10. त्या वीस मिनिटांत चाचणी संपली नव्हती, चाचण्या सुरू झाल्या होत्या. 2014 मध्ये 2011 क्रमांकाचे नमुना विमान उडाले तेव्हा इंजिनासाठी हवा घेणारी तोंडे बदललेली होती आणि नाकाखाली संवेदकाची नवी खिडकी आली होती. हवाई दलात ते दाखल झाले 2017 मध्ये. म्हणून ‘पहिले उड्डाण झाले, उड्डाण-चाचण्या सुरू’ असे लिहावे, अनेकवचनात.

‘पहिले उड्डाण’ही जपून वापरावे लागते. तेजसचे पहिले उड्डाण 4 जानेवारी 2001 चे, बंगळुरूचे. ऑक्टोबर 2025 मध्ये नाशिकहून उडाले ते तिथे तयार झालेले पहिले तेजस. दोन्हीकडे ‘पहिले’ आहे, पण एकीकडे विमानाच्या जातीचे, दुसरीकडे त्या कारखान्यातल्या विमानाचे. मथळ्यात ‘नाशिकमध्ये बनलेल्या’ हे दोन शब्द घातले की गोंधळ उरत नाही.

प्रश्न ज्या बातमीवरून निघाला ती 26 डिसेंबर 2024 ची. माओंच्या जन्मदिनी चेंगदूच्या आकाशात शेपूट नसलेले, तीन इंजिनांचे एक मोठे विमान दिसले, सोबत दोन आसनी जे-20. पुढे त्याच्या अंगावर 36011 हा आकडा दिसला आणि त्यावरून लोकांनीच ‘जे-36’ हे नाव पाडले. त्या दिवशी चीन सरकारने ना नाव सांगितले, ना हे पहिलेच उड्डाण असल्याचे जाहीर केले. अशा बातमीला ‘चाचणी यशस्वी’ कशी म्हणणार? ‘चेंगदूवर नवे लढाऊ विमान उडताना दिसले’ इतकेच त्या दिवशी लिहिता येण्याजोगे होते.