टेक्सासमध्ये रानडुकराच्या शिकारीला वापरायचा सुरा नाशिकमध्ये बनवून घ्यायचा आहे. पोलाद कोणतं, लांबी किती, आकार कसा?

तुम्ही लिहिलंय की मेहुणे टेक्सासला असतात, मित्रांबरोबर कुत्री घेऊन रानडुकरांच्या शिकारीला जातात, आणि नाशिकला येतील तेव्हा त्यांच्या हातात सुरा द्यायचाय. तुमच्या मनात दहा इंची, दुधारी, पाठीला करवतीचे दात असलेला सुरा आहे. या तिन्ही गोष्टी नकोत, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते सांगतो.

मी नाशिकच्या अंबडला हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद तापवून कडक करण्याच्या कामात आहे आणि सुट्टीच्या दिवशी सुरे बनवतो. मी स्वतः शिकार केलेली नाही. पण निफाडकडचा एक मुलगा ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला शेतावर कामाला आहे, तिथे तो शिकारीला जातो. त्याच्यासाठी मी तीन सुरे बनवले आणि प्रत्येक वेळी काय चुकलं ते त्याने मला सविस्तर सांगितलं. खालचं बरंचसं त्याच्याकडून शिकलेलं आहे.

आधी काम समजून घ्या. या शिकारीत कुत्री डुकराला धरून ठेवतात आणि माणूस मागून येऊन पुढच्या पायाच्या कोपराच्या मागे सुरा खुपसतो. डुकराचं काळीज छातीत खूप खाली, पुढच्या दोन पायांच्या मध्ये असतं. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली जाड, चिवट ढालच असते, तिथे सुरा अडकतो. म्हणजे एकच वार, तोही धडपडणाऱ्या जनावरावर, चिखलात, बहुतेक वेळा रात्री. तो वार नेमका बसला तर जनावर हाल न होता लवकर मरतं. चुकला तर जनावराचे हाल, कुत्र्यांचे हाल आणि माणसालाही धोका. त्यामुळे मी मुठीपासून सुरुवात करतो, पात्यावर नंतर येतो.

मी पहिला सुरा बनवला त्याला परज नव्हती, म्हणजे मूठ आणि पातं यांच्यामधली आडवी पट्टी. दिसायला सुंदर होता, शिसमाची गुळगुळीत मूठ, पॉलिश केलेली. देण्याआधी तपासून बघावा म्हणून भिजवलेल्या गोण्यांची चवड केली, तिच्या मागे फळी लावली, तळहाताला गोडेतेल चोळलं (रक्त आणि चिखल यांची जागा घ्यायला दुसरं काय असणार) आणि जोरात खुपसलं. टोक फळीवर अडलं. सुरा थांबला, हात थांबला नाही. तर्जनी थेट धारेवर गेली. चार टाके पडले, आणि आजही थंडीत ते बोट नीट मिटत नाही. गोणी होती म्हणून एवढ्यावर भागलं. समोर ऐंशी किलोचं डुक्कर असतं तर त्या क्षणी हातातून सुराही गेला असता.

तेव्हापासून परजेशिवाय असा सुरा मी कुणालाच देत नाही. धारेच्या बाजूने ती बोटापुढे निदान १० ते १२ मिलिमीटर उतरलेली हवी. ६ मिलिमीटर जाडीची पितळी पट्टी छान चालते, भांडी बाजारात पितळेचं काम करणाऱ्यांकडे तुकडा मिळून जातो. मुठीचा शेवटही थोडा फुगलेला ठेवा, म्हणजे सुरा बाहेर ओढताना हात मागे घसरत नाही. ओढताना लागणारी ताकद लोक विचारात घेत नाहीत.

आडवी पट्टी ही जुनी अक्कल आहे. युरोपात रानडुकराच्या भाल्याला पात्याखाली दोन पंख काढत, कारण जखमी डुक्कर भाल्यावरून तसंच पुढे चालत येतं. आपल्याकडे इंग्रज अधिकारी घोड्यावरून डुकरांचा पाठलाग करत, तेव्हा मुंबई इलाख्यात लांब भाला वापरात होता आणि बंगालमध्ये आखूड, मागच्या टोकाला शिसं भरलेला. पण त्या सगळ्यात माणूस आणि जनावर यांच्यामध्ये दांड्याचं अंतर होतं. सुऱ्यात ते अंतर एक वीत सुद्धा नाही, म्हणून परज.

मुठीचा छेद गोल नको, अंड्यासारखा लांबट हवा. अंधारात न बघता धार कुठल्या बाजूला आहे हे हाताला कळलं पाहिजे. सामान म्हणून हायलम शीट घ्या. कापड आणि फिनॉलिक रेझिन दाबून बनवलेली ती तपकिरी पाटी, इलेक्ट्रिक पॅनेलवाले वापरतात तीच. अंबड-सातपूरला कापून उरलेले तुकडे सहज मिळतात. पाणी पीत नाही, फुगत नाही, आणि पॉलिश न करता १२० नंबरच्या पेपरवर सोडली तर ओल्या हातातही पकड देते. बाभूळ, शिसम इथल्या अवजारांना उत्तम, पण रानडुकरांत ब्रुसेलोसिस असू शकतो आणि तो रक्तातून माणसाला होतो. मुठीत फट राहिली, लाकडाने रक्त शोषलं, की ते धुऊन निघत नाही. त्यामुळे मुठीच्या दोन्ही बाजूंच्या हायलमच्या पट्ट्या इपॉक्सीने पक्क्या चिकटवून, पिना ठोकून, कडा एकजीव करून घ्या. आणि मेहुण्यांना साफसफाईच्या वेळी रबरी हातमोजे घालायला सांगा.

आता लांबी. ८ इंच, म्हणजे २० सेंटिमीटर पुरे. मोठ्या डुकराच्याही काळजापर्यंत पोचायला तेवढं भरपूर आहे, आणि त्याहून लांब सुरा झाडीत वळवताना कुत्र्यालाच लागतो. दुसरं कारण कायद्याचं. आपल्याकडच्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे सुरे आणि खंजीर शस्त्रांच्या वर्गात येतात. घरगुती, शेतीच्या आणि कारखान्याच्या कामाची अवजारं त्यातून वगळलेली आहेत, पण शिकारीचा सुरा शेतीचा म्हणून दाखवण्याच्या फंदात पडू नका. दहा इंची दुधारी सुरा कुठल्याही प्रामाणिक कारागिराने घेऊ नये असं काम आहे. ८ इंच लांब, ३२ मिलिमीटर रुंद, एकाच बाजूला धार, एवढ्यात सगळं बसतं. पाठीकडून टोकाजवळ दोन इंच उतार काढून घ्या, पण त्याला धार लावू नका. खुपसायला सोपं जातं आणि पाठीवर अंगठा ठेवला तर कापत नाही.

टेक्सासमध्ये साडेपाच इंचांहून लांब पात्याचा सुरा शाळा, दारूचे गुत्ते, मतदान केंद्र अशा ठिकाणी नेता येत नाही, हे मेहुण्यांना माहीत असेलच. विमानात तो हातातल्या बॅगेत चालणार नाही, चेक-इन सामानात गुंडाळून द्या. आणि इथे तो कुणाच्या हाती देऊन प्रयोग करू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे परवानगीशिवाय रानडुक्कर मारणं गुन्हा आहे. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे डुकरं भात-मक्याची नासाडी करतात, त्या शेतकऱ्यांचा राग मला समजतो, पण त्याला वनखात्याकडे अर्ज, पंचनामा आणि नुकसानभरपाई हाच रस्ता आहे.

टोक मधोमध, म्हणजे मुठीच्या मध्यरेषेत हवं. फोटोत छान दिसणारं, वर उचललेलं बारीक टोक हाडावर मोडतं. क्वीन्सलँडचा दुसरा सुरा असाच टोकाला ४ मिलिमीटर तुटून परत आला. पाठ ५ मिलिमीटर जाड ठेवा. करवतीचे दात बरगडीत अडकतात, ते नकोच. पात्यावरच्या खोबणीला बरेच जण रक्ताची नाळ म्हणतात आणि तिच्यामुळे सुरा सहज बाहेर येतो असं सांगतात. तसं काही नाही, तिने फक्त वजन कमी होतं.

पोलाद मी ईएन ४७ वापरतो, क्रोमियम-व्हॅनेडियमचं स्प्रिंगचं पोलाद. ओएचएनएस किंवा एचसीएचसीआर या जातींचं पोलाद जास्त कडक होतं आणि धार जास्त टिकते, पण ते डायचं, म्हणजे साचे बनवायचं पोलाद आहे. डुक्कर उसळून सुरा आडवा पिळला गेला तर त्याचा तुकडा पडण्याची भीती. इथे चिवटपणा महत्त्वाचा, धार घरी परत लावता येते. भंगारातला ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा घेऊ नका, स्वस्त पडला तरी. लाखो वेळा वाकून त्यात डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा असतात आणि तो नेमका कुठल्या ग्रेडचा आहे हेही कळत नाही. नवी पट्टी घ्या आणि टेस्ट सर्टिफिकेट मागा.

तापलेलं पातं बुडवून कडक करण्याला आपण 'पाणी देणं' म्हणतो, पण या पोलादाला पाणी द्यायचं नसतं, तेल द्यायचं असतं. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका मुलाने घाईत पातं पाण्याच्या बादलीत बुडवलं. वाफ उठली, सगळं शांत झालं, आणि तीन-चार सेकंदांनी बादलीतून 'टिक्' असा बारीक आवाज आला. धारेपासून पाठीपर्यंत केसासारखी भेग. दोन दिवसांचं काम गेलं. ८४० अंशांच्या आसपास तापवून, साठ अंशांपर्यंत गरम केलेल्या तेलात सरळ उभं बुडवायचं, हाताला सोसेल इतकं थंड झालं की लगेच भट्टीत २२० ते २३० अंशांना दोन-दोन तास, दोनदा. कडकपणा ५६-५७ रॉकवेल आला की बस. कारागिराला हा आकडा मशीनवर मोजून दाखवायला सांगा. मूठ बसते तिथे आतल्या कोपऱ्याला गोलाई आहे ना, तेही स्वतः बघा. कोपरा काटकोनात कापला असेल तर पातं तिथूनच मोडतं.

हे पोलाद गंजतं. रोज पुसून मशीन ऑइलचा हात फिरवायचा. म्यान कातड्याचं नको, ते रक्त पितं आणि धुता येत नाही. द्राक्षबागेत वापरतात त्या पीव्हीसी पाइपचा तुकडा हीट गनने मऊ करून पात्याभोवती दाबला की धुता येणारं म्यान तयार होतं. हे काम उघड्यावर करा, पाइप जळू देऊ नका, तो धूर वाईट असतो. तळाला पाणी निघायला एक भोक ठेवा.

मेहुण्यांना आजच निरोप द्या, शिकारीला घालतात तोच हातमोजा घालून पंजा कागदावर ठेवायला आणि पेनाने आखायला सांगा. शेजारी पट्टी ठेवून त्याचा फोटो मागवा. मोजा घातला की मूठ जाड लागते, परजेची जागा दोन-तीन मिलिमीटर पुढे सरकते, आणि हे माप नंतर बदलता येत नाही.