लिथियम बॅटरी चार्ज होताना इलेक्ट्रोडमधल्या (बॅटरीच्या ध्रुवातल्या) नॅनोतारांत, म्हणजे अतिसूक्ष्म तारांत, लिथियम शिरल्यावर त्यांचं नेमकं काय होतं? तुटत कशा नाहीत?

तार फुगते, आतली स्फटिकरचना मोडून ती अस्फटिक होते, म्हणजे अणूंची नियमित मांडणी उरत नाही, पण बारीक असल्यामुळे सहसा तुटत नाही. शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.ला शिकवताना मी २०१० चा प्रयोग सांगतो: टिन ऑक्साइडची एकच तार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चार्ज केली. लिथियम टोकाकडून सरकत गेलं, त्याच्या आघाडीवर स्फटिकदोषांचा (अणूंच्या मांडणीतल्या विस्कटलेल्या जागांचा) दाट पुंजका दिसला, आणि मागची तार वळवळत लांबली. लांबी सुमारे ६० टक्के, व्यास ४५ टक्के वाढला, तरी तुकडे झाले नाहीत.

इलेक्ट्रोडसाठी सिलिकॉन घेतलं तर पूर्ण चार्ज झाल्यावर त्याचं आकारमान जवळपास चौपट होतं, तेही सगळ्या दिशांना सारखं नाही. जाड थर अशा वेळी तडकतो. तारांना मात्र फुगायला आजूबाजूला मोकळी जागा असते. डिस्चार्ज केल्यावर तार आकसते, पण मूळ स्फटिक परत येत नाही.

एक मात्र आहे: तार टिकली म्हणजे बॅटरी टिकली असं नाही. तारेवर इलेक्ट्रोलाइटपासून (बॅटरीतल्या आयन वाहून नेणाऱ्या द्रवापासून) बसलेला पापुद्रा दर फुगवट्याला फाटतो, नवा बसतो आणि त्यात लिथियम खर्ची पडत राहतं. (कोल्हापूरच्या राजारामपुरीत घेतलेल्या पॉवर बँकेत अशा तारा शोधू नका, तिथे बहुधा ग्रॅफाइटच असतं.)