प्लेटिंगच्या कारखान्यात पाणी आणि सांडपाणी कमी करायचंय, थेट झेडएलडी (सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडणारा प्लँट) बसवावा का?

इतक्यात नको. मी प्लेटिंगच्याच कामात आहे, म्हणून ठामपणे सांगतो. सांडपाणी आटवून मीठ वेगळं काढायला वाफ आणि वीज भरमसाट लागते, शिवाय त्या मिठाचं करायचं काय हा प्रश्न उरतोच. आज वाहतंय तेवढ्या पाण्याच्या मापाने प्लँट घेतलात, तर वाया जाणारं पाणी आटवायलाही पैसे मोजाल.

आधी रिन्सच्या, म्हणजे धुण्याच्या टाक्यांपाशी जाऊन उभे राहा. जॉब (प्लेटिंग करायची वस्तू) आणि जिगला (ती टांगायची चौकट) चिकटून तासाला 1 लिटर द्रावण बाथबाहेर, म्हणजे प्लेटिंगच्या टाकीबाहेर येतं असं धरा (हेच ड्रॅग-आऊट) आणि ते हजारपट पातळ करायचंय. एकाच टाकीत वाहत्या पाण्याने धुतलंत तर तासाला साधारण 1,000 लिटर लागतील. दोन टाक्या लावा आणि पाणी जॉबच्या उलट दिशेने फिरवा, म्हणजे ताजं पाणी शेवटच्या टाकीत आणि तिथून ओसंडणारं आधीच्या टाकीत. मग 32 लिटरच्या आसपास भागतं. तीन टाक्यांत 10! टाकीतलं पाणी नीट ढवळलं जातं असं धरून हा हिशोब आहे, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्त सोडावं लागतं. तरी फरक केवढा आहे बघा.

दुसरी गोष्ट जवळजवळ फुकटात होते. जिग बाथवरच निथळू द्या. उत्पादनाची घाई असली की नेमके हेच काही सेकंद कापले जातात. खोलगट जॉब पालथे टांगा, सपाट तिरके, म्हणजे द्रावण एका कोपऱ्यातून गळून जातं. गरम बाथची पातळी वाफेमुळे उतरतेच, ती पहिल्या स्थिर रिन्सच्या (पाणी वाहतं न ठेवलेल्या टाकीच्या) पाण्याने भरून काढा. केमिकल वाचतं, ईटीपीचा (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटचा) गाळही घटतो. मात्र त्यासोबत अशुद्धीही बाथमध्ये परत येते, म्हणून बाथची तपासणी वाढवा.

एक कळकळीची विनंती. पाणी निम्मं केलंत आणि ड्रॅग-आऊट तेवढंच राहिलं, तर सांडपाण्यातलं धातूचं प्रमाण दुप्पट होतं. अशा वेळी ईटीपीचं डोसिंग (केमिकल घालण्याचं प्रमाण) जुन्याच मापाने चाललं, तर धातू नाल्यात जाईल. पाणी कमी कराल त्याच आठवड्यात डोसिंग नव्याने ठरवून घ्या.

कूलिंग टॉवर असेल तर ब्लोडाऊनही (क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यायचं पाणी) बघा. 100 लिटर पाण्याची वाफ होताना क्षार तिप्पट होईपर्यंत थांबलात तर 50 लिटर सोडून द्यावं लागतं, सहापट होऊ दिलेत तर 20. किती ताणायचं ते पाण्यातला सिलिका आणि कठीणपणा बघून ठरवा, नाहीतर पापुद्रे धरतील.

आणि प्रत्येक लाइनला स्वतंत्र मीटर लावा. काम बंद असतानाही आकडा पुढे सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे नाहीतर व्हॉल्व्ह उघडा राहिलाय. हे सगळं करून रीडिंग स्थिरावलं, की त्या आकड्यावर झेडएलडीचं कोटेशन मागवा.