शेती मुलगा करतो, पीएम किसान वडिलांना. हे न्याय्य आहे का?

मुरबाडची भातशेती तुम्ही करता, सातबारा वडिलांच्या नावावर, म्हणून पैसे तुम्हाला नाहीत. ही योजना कसणारा बघत नाही, सातबारा बघते. तोही १ फेब्रुवारी २०१९ चा. त्यानंतर वडिलांनी हयातीत जमीन नावावर केली तरी उपयोग नाही, त्यांच्या पश्चात वारसाने आली तरच चालते.

लहान शेतकऱ्यावर अन्याय आहे असं मात्र मला वाटत नाही. वीस गुंठेवाल्याला वर्षाला केंद्राचे ६,००० आणि राज्याच्या ‘नमो शेतकरी’ योजनेचे ६,०००, दहा एकरवाल्यालाही तेवढेच. खरी गोची तरुणांची, आणि खंडाने भात लावणाऱ्यांची. चिखल तुडवायचा त्यांनी, हप्ता जमीनमालकाच्या खात्यात! (मालक कल्याणला फ्लॅटमध्ये.)

तूर्त वडिलांची ई-केवायसी (आधारवरून ओळखीची ऑनलाइन पडताळणी) झालीय का बघा, हप्ता बऱ्याचदा तिथेच अडकतो.