खदानीतल्या पोकलेनला कोणता एअर फिल्टर घ्यावा आणि तो किती दिवसांनी साफ करावा?

तुम्ही लिहिलंय की इंदूरजवळच्या गिट्टी खदानीत तुमची २० टनी पोकलेन चालते. ऑपरेटर रोज संध्याकाळी फिल्टर काढून कंप्रेसरची हवा मारतो, २५० तासांनी नवा फिल्टर पडतो, आणि तरीही ४००० तासांतच इंजिन ऑइल खायला लागलं, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) धूर येतोय. दुकानदार आता एक स्वस्तातला फिल्टर सुचवतोय, तो घ्यावा का, असं विचारलंय.

आधी रोज फिल्टर काढणं थांबवा. फिल्टर कोणता घ्यायचा हे त्याच्यानंतर. माझ्या मते तुमच्या इंजिनाने धूळ खाल्ली आहे, आणि ती बहुतेक फिल्टरच्या कागदातून गेलेली नाही. एकतर फिल्टर काढताना-बसवताना आत पडली, नाहीतर फिल्टरच्या पुढच्या एखाद्या सांध्यातून ओढली गेली.

कागदी फिल्टर अगदी नवा असताना धूळ किंचित जास्त सोडतो. कागदावर धुळीचा पातळ थर बसला की तो थरच बारीक कण अडवायला लागतो आणि गाळणी सुधारते. तुमचा ऑपरेटर तो थर रोज उडवून देतो. शिवाय दर वेळी सील घासलं जातं, डब्यातली धूळ सेफ्टी फिल्टरवर (आतला दुसरा, राखीव फिल्टर) किंवा नळीच्या तोंडाशी सांडते, आणि फिल्टर टायरवर आपटायची सवय असेल तर त्याच्या पत्र्याच्या टोपीला पोचा पडतो. फिल्टर मळका दिसला म्हणजे तो चोक झाला, असं होत नाही. डोळ्यांवरून हा निर्णय करताच येत नाही.

थोडा हिशोब पाहा. डिझेल इंजिन १ लिटर डिझेलमागे ढोबळमानाने २० हजार लिटर हवा ओढतं. तासाला १५ लिटर डिझेल धरलं तर ३०० घनमीटर, म्हणजे ८ तासांत २४०० घनमीटर. क्रशरजवळ हवेत घनमीटरला २० मिलिग्रॅम धूळ आहे असं मानू. मग दिवसाला ४८ ग्रॅम धूळ फिल्टरपर्यंत येते. ९९.९ टक्के अडवणारा फिल्टर त्यातली ०.०५ ग्रॅम सोडेल, ९९ टक्केवाला ०.५ ग्रॅम. टक्केवारीत फरक एकाहून कमी, पण इंजिनात जाणारी धूळ दहापट. स्वस्त फिल्टरची खरी किंमत इथे भरावी लागते.

फिल्टर कधी उघडायचा हे इंडिकेटरला ठरवू द्या. एअर क्लीनरच्या (फिल्टरच्या डब्याच्या) बाहेर जाणाऱ्या मानेवर किंवा टर्बोकडच्या (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नळीवर छोटा पारदर्शक इंडिकेटर असतो. इंजिन हवा ओढताना किती खेच पडते हे तो दाखवतो. ही खेच पाण्याच्या उंचीच्या इंचांत मोजतात. बहुतेक टर्बो इंजिनांना २५ इंच पाणी, म्हणजे साधारण ६.२ किलोपास्कल, ही हद्द असते. बिनटर्बोच्या इंजिनांना साधारण २० इंच. नक्की आकडा तुमच्या मॅन्युअलचाच धरा. नवा फिल्टर बसवल्यावर खेच १०-१५ इंचांच्या वर नसावी. त्याच्या आणि हद्दीच्या मधलं अंतर म्हणजे फिल्टरचं आयुष्य. यांत्रिक इंडिकेटर कामात गाठलेल्या सगळ्यात वरच्या खुणेवर अडकून राहतो, त्यामुळे संध्याकाळी इंजिन बंद केल्यावरही वाचता येतो. वाचून झालं की बटण दाबून रिसेट करा. मशीनमध्ये फक्त मॉनिटरवरचा दिवा असेल तर यांत्रिक इंडिकेटर वेगळा लावून घ्या, खर्च अगदी किरकोळ आहे.

इंडिकेटर महिनोन्महिने लाल होतच नसेल तर खूश होऊ नका. त्याची नळी तुटलेली असू शकते, भोक बुजलेलं असू शकतं, किंवा फिल्टर फाटलेला असून हवा मोकळी आत जात असेल. इंडिकेटर काढून तोंडाने हळूच ओढून पाहा, पिस्टन हलला पाहिजे. पक्कं मोजायचं असेल तर त्याच भोकाला पारदर्शक नळी जोडा, तिचा यू आकार करा, प्रत्येक उभा भाग १ मीटरचा ठेवा आणि निम्मं पाणी भरा. दोन पातळ्यांमधला फरक ६३ सेंटिमीटर झाला की २५ इंच झाले. मोजमाप भरलेला बकेट उचलत असताना, पूर्ण लोडवर घ्यायचं. टर्बो इंजिनाला नुसता थ्रॉटल देऊन घेतलेला आकडा खूपच कमी येतो आणि चोक झालेला फिल्टरही चांगला वाटतो.

आता बदलायची पद्धत. मशीन क्रशरपासून लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभी करा आणि इंजिन बंद करा. डब्याचं बाहेरचं अंग पुसून मगच झाकण उघडा. रेडियल सीलचा (नळीच्या तोंडावर घट्ट चढून बसणाऱ्या सीलचा) फिल्टर सरळ ओढू नका. आधी किंचित फिरवून आणि तिरका करून सील सोडवा, मग डब्याला न आपटता सावकाश बाहेर काढा. जुना फिल्टर फेकण्याआधी त्याचं सील नीट बघा. सीलवरून आतल्या बाजूला धुळीची रेघ गेलेली दिसली तर तिथून गळती होती. डबा आतून ओलसर कपड्याने पुसा, हवा मारून नाही. सील जिथे बसतं ती कडा सगळ्यात शेवटी, स्वच्छ कपड्याने. नवा फिल्टर बसवताना कागदावर किंवा मधोमध जोर देऊ नका, कडेवर सगळीकडून सारखा दाबा. झाकण लागत नसेल तर क्लिपांनी ते ओढून बसवू नका. फिल्टर अजून जागेवर बसलेला नाही एवढाच त्याचा अर्थ. डब्यावर मार्करने तारीख आणि तास लिहा.

आतला सेफ्टी फिल्टर साफ करायचा नसतो, कधीच नाही. बाहेरचा तीनदा बदलला की हा एकदा बदला. नवा बाहेरचा बसवूनही इंडिकेटर लालच राहिला तर लगेच बदला. तो काढला की टर्बोकडे जाणारं तोंड उघडं पडतं, म्हणून नवा हातात तयार ठेवूनच जुना काढा. नुसत्या सेफ्टीवर मशीन चालवणंही चुकीचं आहे.

बाहेरचा फिल्टर हवा मारून वापरायचा की नाही, यावर मतभेद आहेत. फिल्टर बनवणारे सहसा साफ करूच नका म्हणतात. काही मशीन कंपन्यांचं मॅन्युअल ५-६ वेळांपर्यंत मुभा देतं. खदानीत मी साफ करण्याच्या विरोधात आहे. करायचंच असेल तर रेग्युलेटर लावून हवेचा दाब ३० पीएसआयपर्यंत आणा (टायरचा कंप्रेसर १०० च्या वर देतो आणि कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पाडतो), हवा आतून बाहेर मारा, नोझल कागदापासून लांब ठेवून घड्यांच्या बाजूने वरखाली फिरवा. मग अंधारात आत दिवा धरून बघा. उजेडाचा ठिपका दिसला तर फिल्टर फेका. ठिपका दिसला नाही म्हणजे फिल्टर चांगला, असं मात्र नाही. नुकसान करणारे कण ५ ते २० मायक्रॉनचे असतात आणि तेवढं भोक नजरेला दिसत नाही. डिझेलमध्ये धुणं तर सोडूनच द्या.

फिल्टर काळा आणि तेलकट निघत असेल तर ती धूळ नाही, काजळी आहे. आपल्याच किंवा शेजारच्या मशीनचा धूर, नाहीतर ब्रीदरची वाफ इनटेकमध्ये जातेय. हा फिल्टर हवेने साफ होत नाही, धुराचा रस्ता बदलावा लागतो.

तुमच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त वेळ फिल्टर ते टर्बो या नळीवर घालवेन. इथे आत खेच असते, त्यामुळे चिरेतून बाहेर काही गळत नाही, धूळ गुपचूप आत जाते, आणि इंडिकेटरलाही कळत नाही. नळी काढून आतून पांढरा कपडा फिरवा. कपड्यावर धूळ आली तर गळती आहे. धुळीची रेघ मागे मागे बघत जा, ती भोकापर्यंत नेते. रबरी होज ब्रॅकेटला घासून झिजतो, बहुतेक वेळा खालच्या, न दिसणाऱ्या बाजूने. साधे वर्म क्लँप (स्क्रूने आवळायच्या खाचांच्या पट्ट्या) मोठ्या होजवर सारखे आवळत नाहीत, टी-बोल्ट क्लँप (बोल्टने आवळायची रुंद पट्टी) लावा. एअर कंप्रेसर किंवा ब्रीदरसाठी याच नळीवरून फाटा गेला असेल तर त्याचा सांधाही तपासा. टर्बोचा पंखा बॅटरीच्या उजेडात पाहा. पात्यांच्या पुढच्या कडा बोथट किंवा खरवडलेल्या असतील तर धूळ बराच काळ जातेय.

निवड करताना 'बसतो' एवढ्यावर घेऊ नका. ६ लिटरचं टर्बो इंजिन पूर्ण लोडवर २००० आरपीएमला मिनिटाला सुमारे ९ घनमीटर हवा ओढतं. तेवढ्या हवेसाठी कागदाचं क्षेत्रफळ लागतं, आणि स्वस्त फिल्टरमध्ये नेमक्या घड्याच कमी असतात. पार्ट नंबरने मागा. मशीन कंपनीचा, किंवा डोनाल्डसन, फ्लीटगार्डसारख्या फिल्टर कंपन्यांचा क्रॉस नंबर (मूळ पार्टशी जुळणारा नंबर) जुळवून घेतलेला चालेल. हातात घेऊन घड्या सारख्या अंतरावर आहेत का, अंगठ्याने दाबल्यावर सरकतात का, सीलचं पॉलियुरेथेन दाबून परत फुगतं का, हे बघा. इंदूरच्या सियागंजात घ्या नाहीतर देवास नाक्यावर, पक्कं बिल आणि सीलबंद खोका मागा.

खदानीसाठी खरा फायदा प्रीक्लीनरचा आहे. हवा चक्राकार फिरवणाऱ्या नळ्यांचा चांगला प्रीक्लीनर (फिल्टरच्या आधी बसणारी गाळणी) बरीचशी जाड धूळ फिल्टरआधीच बाजूला काढतो. त्याच्या किंवा डब्याच्या तळाशी रबराचा चोचीसारखा डस्ट व्हॉल्व्ह असतो. त्याची चोच खाली, ओठ मऊ आणि मिटलेले हवेत. रोज फक्त हा चिमटीत दाबून रिकामा करा, ऑपरेटरचं रोजचं काम एवढंच. व्हॉल्व्ह तुटला किंवा कडक झाला तर खालून हवा ओढली जाते, हवेचं चक्राकार फिरणं मोडतं आणि फिल्टर लवकर भरतो. पावसाळ्यात इनटेकची टोपी शाबूत ठेवा. भिजलेला कागद फुगून एका दिवसात इंडिकेटर लाल करतो. सोयाबीनच्या काढणीत मशीन शेताजवळ असेल तर बाहेरच्या जाळीवर भुसा अडकतो, तो हाताने काढा.

मोठं काम काढण्याआधी इंजिन ऑइलचा नमुना लॅबला द्या. ऑइल गरम असताना, ड्रेनची पहिली धार सोडून, स्वच्छ कोरड्या बाटलीत घ्या. सिलिकॉन (धुळीची खूण) वाढलेलं आणि त्याबरोबर लोखंड, क्रोमियमही वाढलेलं असेल तर रिंग-लायनर धुळीने झिजलेत. नुसतं अॅल्युमिनियम वाढलं म्हणून पिस्टनला दोष देऊ नका, आपल्या काळ्या दगडाच्या भुकटीतही अॅल्युमिनियम असतं. अलीकडे कुठे सिलिकॉन गॅस्केट लावून इंजिन जोडलं असेल तर त्यानेही आकडा चढतो, ते लॅबला सांगा. झीज पक्की झाली तर रिंग-लायनर बदलण्याआधी होज, क्लँप आणि दोन्ही फिल्टर नवे घाला.