त्या खुर्चीत का झोपतात?

पत्र: ७१ वर्षांच्या सासूबाईंच्या डाव्या घोट्याजवळ दीड वर्षापासून जखम आहे. मी रोज हायड्रोजन पेरॉक्साइडने धुते, पावडर टाकते, घट्ट क्रेप बँडेज बांधते. जखम भरत नाही, वास घरभर. नवरा त्या खोलीत पाऊल टाकत नाही. दोन महिन्यांपासून त्या पलंग सोडून हट्टाने खुर्चीतच पाय सोडून झोपतात आणि रात्रभर हाका मारतात. मी चिडते, मग माझीच मला लाज वाटते. काय करू?

ताई, चिडण्याचं नंतर बघू. आधी तो ‘हट्टाने’ शब्द खोडा. दोन महिने माणूस बसून झोपतोय आणि का, हे तुम्ही विचारलेलं नाही. आज विचारा: आडवं झाल्यावर पाय ठणकतो म्हणून, की धाप लागते म्हणून? धाप लागत असेल तर हृदय तातडीने तपासून घ्या. पण पाय ठणकत असेल आणि खाली सोडला की उतार पडत असेल, तर धमनी अरुंद होऊन पायाला रक्त कमी पोचत असण्याची दाट शक्यता आहे. पाय लोंबता ठेवला की थोडं रक्त खाली उतरतं, तेवढाच आराम.

अशा पायावर घट्ट पट्टी म्हणजे उरलंसुरलं रक्तही अडवणं. व्हेरिकोजच्या (फुगलेल्या शिरांच्या) जखमेवर दाबाची पट्टी हाच मुख्य उपचार, पण धमनी तपासल्याशिवाय ती बांधायची नसते. म्हणून आज रात्रीपासून आवळणं बंद. पेरॉक्साइड आणि पावडरही बंद. पेरॉक्साइड नव्याने येणाऱ्या पेशींनाही मारतं. सलाइनने धुवा, न चिकटणारं ड्रेसिंग ठेवा, वर सैल गुंडाळी.

आणि उद्याच व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचा) सर्जन गाठा. नंबर नवऱ्याने लावायचा, गाडीही त्यानेच काढायची. तिथे एबीआय मागा: घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा. ०.९ च्या खाली अडथळा, ०.५ च्या खाली गंभीर. मधुमेह असेल तर कडक झालेल्या धमन्यांमुळे आकडा फसवा, चांगला येतो. मग पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला सांगा. बोट काळं पडलं, पाय एकाएकी गार किंवा बधिर झाला, तर उद्याचीही वाट पाहू नका.

कुठे ठणकतं, किती वाजता, पाय खाली सोडल्यावर किती वेळात थांबतं, हे सासूबाईंच्याच शब्दांत लिहून घ्या आणि तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या.